आधी वृंदावन, मग देव

गेल्या कोजागरीला आमच्या मंडळाने सभासद भगिनींच्या भरतकामाचे एक छोटेखानी प्रदर्शन भरवले होते. निबंधवाचन, दूध आणि सोबतीला हे प्रदर्शन, असा बेत. लांबट टेबलावर तेरा चौकटी मांडल्या होत्या. सगळ्या मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास 'क्रॉस स्टिच' म्हणतो त्या पद्धतीने, भरलेल्या. आणि सगळ्यांत देव. गणपती आठ, लक्ष्मी दोन, बाळकृष्ण दोन, दत्त एक. पाहणाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र आठ गणपतींपैकी पाच एकाच नक्षीवरून भरलेले होते. तोच डावीकडे वळलेला सोंडेचा वळसा, तोच मोदक, तोच जांभळट पडदा. आणि टेबलावर जे कापड अंथरले होते, ती होती एक जुनी काळी चंद्रकळा. तिच्या पदरावर कसुतीच्या टाक्यांनी रथ, हत्ती, गोपुरे आणि ओळीने तुळशीवृंदावने भरलेली होती. चौकटींच्या पायांखाली ती झाकली गेली होती. कार्यक्रम संपून टेबल आवरायला घेतले तेव्हा कुठे ती आमच्या नजरेस पडली.

दोष कोणा एकीचा नव्हता. टेबल आम्हीच मांडले होते. वडगावातल्या एका घरून 'जुने पण स्वच्छ कापड' म्हणून ती साडी आली आणि आम्ही ती अंथरली. त्या रात्रीपासून आमच्या मनात जे चालले आहे ते या अंकात मांडावे असे ठरवले. काही वाचकांना ते रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. देव भरायला बसणाऱ्या नवशिक्या बाईने देवाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करू नये; विकतच्या चेहऱ्यापासून तर मुळीच नये. तिने आधी वृंदावन भरावे, दीपमाळ भरावी, रथ भरावा. देवाची जागा भरायला हात शिकला की मग देव भरावा, आणि तोही स्वतः मोजून.

हे ऐकताच पहिला आक्षेप येतो तो भक्तीचा. 'भाव तिथे देव. नक्षी कुठली का असेना!' या युक्तिवादापुढे आपल्याकडे सगळ्यांची तोंडे बंद होतात. आमचे विनम्र मत असे की हा भावाचा प्रश्नच नाही. भाव आहे असे आम्ही धरूनच चालतो. प्रश्न आहे तो सात-आठ महिन्यांच्या श्रमाचा. हिशोब करून पाहावा. इंचाला चौदा घरे असलेल्या कापडावर दहा इंच रुंद आणि चौदा इंच उंच चित्र भरायचे, तर १४० गुणिले १९६, म्हणजे २७,४४० फुल्या होतात. सरावलेला हात तासाला सव्वाशेच्या आसपास फुल्या घालतो असे धरले, तरी सुमारे सव्वादोनशे तास झाले. रोज दुपारी एक तास काढणाऱ्या गृहिणीचे हे साडेसात महिने आहेत. नवशिकीचा वेग याच्या निम्मा धरा, म्हणजे वर्ष उलटले. एवढे आयुष्य ज्या कामात जाते, त्यातली एकही रेषा तिची नसावी, एकही रंग तिने निवडलेला नसावा, हे आम्हांला सलते. पाकिटातल्या कागदावर खूण असते, त्या खुणेचा धागा घ्यायचा आणि त्या घरात फुली मारायची. वर्षाअखेर गणपती तयार होतो. बाई मात्र होती तिथेच राहते. दुसरा गणपती भरायला तिला दुसरे पाकीट लागते.

या विकतच्या चेहऱ्याची कुळकथाही पाहण्यासारखी आहे. चौकड्यांच्या कागदावर रंगीत नक्षी छापून ती घरोघरच्या बायकांना विकण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी काढली. लोकरीने भरायच्या त्या नक्ष्यांचे वेड पुढे युरोपभर पसरले. इकडे, १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती यांना एक ठराविक चेहरा मिळाला. तो छापील होता, स्वस्त होता आणि खेडोपाडीच्या भिंतींवर गेला. त्या काळच्या बायकांनी मात्र या छापील देवतांना जसेच्या तसे स्वीकारले नाही. चित्रांवर त्यांनी जरीचे काठ लावले, टिकल्या शिवल्या, रेशमी कापडाची लुगडी नेसवली. अशी सजवलेली चित्रे आजही संग्रहांत पाहायला मिळतात. छापील देवीला आपल्या हातचे लुगडे नेसवणारी ती बाई स्वतःची निवड करत होती. आजच्या पाकिटात बर्लिनची चौकडी आणि कॅलेंडरचा चेहरा एकत्र आले आहेत. संगणकाने चित्राचे बारीक चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला धाग्याचा क्रमांक दिला, की नक्षी झाली. गालाच्या एका इंचात बारा रंग विखुरलेले. प्रत्येक रंगाच्या तीन फुल्या, की धागा तोडा, नवा ओवा. जिने आयुष्यात पहिल्यांदा बोथट सुई हाती घेतली आहे, तिच्या हाती हे द्यायचे म्हणजे धुळाक्षरे गिरवायच्या आधीच मुलाला मोडी बखर वाचायला बसवण्यासारखे आहे.

आता ती टेबलावरची चंद्रकळा.

धारवाड आणि बेळगाव या भागांतली कसुती मोजणीची कला आहे. कापडावर नक्षी आधी उमटवून घ्यायची नाही, पेन्सिलीची रेघ नाही, गाठ मारायची नाही. ताणा-बाण्याचे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि टाका घालायचा. तिचे टाके चार. गवंती दुहेरी धावता टाका आहे. जाताना एक घर सोडत जायचे आणि परतताना सोडलेली घरे भरत यायचे, म्हणजे कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच दिसते. मुरगी तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. नेयगी साधा धावता टाका, विणल्यासारखा दिसणारा. नावातच कानडीतले विणणे आहे. चौथा मेंथी, म्हणजे मेथी. मेथीच्या दाण्यांसारखा भरीव दिसणारा हा टाका म्हणजे फुलीच. जो टाका शिकण्यासाठी आपण पाकीट विकत आणतो, तो आपल्या आज्यांच्या पदरावर होताच, आणि त्याला स्वयंपाकघरातले नाव होते.

या आज्यांनी कापडावर काय भरले ते नीट पाहावे. गोपूर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, नंदी, शंख, पाळणा, दीपमाळ आणि सर्वांत जास्त तुळशीवृंदावन. देवाचा चेहरा जवळजवळ नाहीच. रथ आहे, पण रथातला देव दाखवलेला नाही. याचे कारण अश्रद्धा खासच नव्हते. आमच्या समजुतीने कारण दुहेरी आहे. एक तर पदर अंगावर घ्यायचा असतो, पाटावर बसतानाही तो अंगाबरोबर असतो. तिथे देवाचे मुख कसे चालावे? दुसरे कारण हाताचे आहे. धाग्यांच्या चौकडीत सरळ रेषा, पायऱ्या, तिरक्या रेषा उत्तम बसतात. वृंदावनाचे चौथरे, गोपुराचे मजले, रथाची चाके त्या चौकडीतूनच उगवल्यासारखी दिसतात. गालाची गोलाई, पापणीची कमान चौकडीला मानवत नाही. त्या बायकांनी आपल्या साधनाचा स्वभाव ओळखला होता आणि त्याच्या बळावर देवाचे सगळे घर उभे केले. चेहरा त्यांनी पाहणाऱ्याच्या मनावर सोपवला.

नवशिकीने इथूनच सुरुवात करावी असा आमचा आग्रह आहे. साध्या पांढऱ्या मॅटीवर ४१ घरे रुंद आणि ६० घरे उंच एवढ्या जागेत वृंदावन बसते. रुंदी विषम घ्यावी, म्हणजे मधला एक स्तंभ मिळतो आणि तुळशीचे खोड त्यावर उभे राहते. कापडाची चार पदरी घडी घालून मध्य काढावा, तिथे वेगळ्या रंगाचा एक टाका घालून ठेवावा. चारी बाजूंना किमान तीन-तीन बोटे कापड मोकळे ठेवावे, कडा शिवून घ्याव्यात, नाहीतर त्या उसवत जातात. सहापदरी लडीतले दोनच पदर सुईत घ्यावेत. गाठ मारू नये. धाग्याचे टोक मागच्या बाजूला पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली दाबून घ्यावे. प्रत्येक फुलीची वरची काडी एकाच दिशेला पडली पाहिजे. हे शेवटचे पथ्य पाळले नाही तर उजेड प्रत्येक फुलीवर निराळा पडतो आणि काम जुनाट, मळकट दिसते. रंग दोन पुरेत, फार तर तीन. आठ-दहा दुपारी हे काम संपते आणि बाईला तीन गोष्टी कळतात: आपला हात किती ताणतो, आपला डोळा कुठे चुकतो, आणि चूक झाली तर किती उसवायचे.

रंगाबद्दल एक अनुभव सांगितलाच पाहिजे. आमच्याच एका भगिनीने अकरा महिने खपून पाकिटातली लक्ष्मी पुरी केली. चौकटीत घालण्यापूर्वी, नेहमीप्रमाणे, ती कोमट पाण्यातून काढली. कपाळावरचा कुंकवाचा लाल रंग भुवयांत उतरला आणि तिथून गालावर. ती बाई आठवडाभर कोणाशी बोलली नाही. 'देवीच्या मनात नव्हते,' असे कोणी म्हणाले. आम्हांला त्या सांत्वनाचा राग आला. देवीच्या मनाचा इथे काय संबंध? लाल धाग्याचा तुकडा आधी पांढऱ्या ओल्या चिंधीत दाबून पाहायचा असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. वृंदावनाच्या लाल चौथऱ्यावर हीच चूक झाली असती तर आठ दुपारी गेल्या असत्या, अकरा महिने गेले नसते. लहान कामापासून सुरुवात करा असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

'मग देव भरायचाच नाही का?' असा प्रश्न आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ भगिनीने विचारला. जरूर भरावा. पण कोणता, याचा विचार हाताने करावा. गणपती सर्वांचा लाडका, म्हणून सगळ्या जणी त्याच्यापासून सुरुवात करतात. आणि चौकडीला सर्वांत अवघड तोच आहे. सोंड वळलेली, पोट गोल, अंगाची डावी बाजू उजवीसारखी नाही. याउलट विठ्ठल पाहा. समचरण, ताठ, समोरासमोर, कर कटीवर. दोन्ही कोपरांचे दोन त्रिकोण, डोक्यावर उभट मुकुट, पायांखाली विटेचा आयत. जणू मोजण्यासाठीच उभा आहे. ६१ घरे रुंदी आणि ११० घरे उंची घेतली तर चौदा घरांच्या कापडावर हा विठ्ठल साधारण साडेचार इंच रुंद आणि आठ इंच उंच होतो. चौकडीच्या वहीत एका बाजूची तीस घरे आणि मधला स्तंभ एवढेच काढायचे. दुसरी बाजू आरशासारखी उलटून मोजायची. शंख आणि कमळाचा देठ यांपुरता काय तो फरक. काळा, पिवळा, पांढरा आणि थोडा तुळशीचा हिरवा, एवढ्या चार रंगांत तो उभा राहतो. ही नक्षी कोणीही, चित्रकलेचा गंध नसलेली बाईसुद्धा, एका संध्याकाळी वहीवर काढू शकते. आम्ही काढून पाहिली आहे. पहिल्या प्रयत्नात विठ्ठल जरा लठ्ठ झाला. दोन स्तंभ कमी केले, जमला.

आणि डोळे शेवटी भरावेत. मूर्तीच्या प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा विधी असतो. मूर्तिकार बाकी सारे घडवतो आणि डोळे त्या विधीपर्यंत राखून ठेवतो. भरतकाम पूजेत बसत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही या रीतीत कारागिराचे एक शहाणपण आहे. एवढ्या लहान चित्रात डोळा म्हणजे तीन घरे. ती तीन घरे कशी भरायची हे बाकी सगळे अंग उभे राहिल्यावरच कळते. पाकिटातल्या नक्षीत डोळे कधी येतील ते कागदावरच्या क्रमाने ठरते, आणि बहुधा मध्यापासून सुरुवात करायची म्हणून ते फार लवकर येतात.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे आणि तो आपल्या भागाचा खास आहे. 'कसुती कानडी आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेही कर्नाटकाच्या नावे. आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी ती डोक्यावर घ्यायची म्हणजे आपला दावा आपणच सोडायचा.' हे आमच्याच एका कार्यकर्त्याचे शब्द आहेत आणि त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हांला आदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागाने जे सोसले ते आम्ही विसरलेलो नाही. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, २०१४ मध्ये बदललेले शहराचे नाव, हे सारे आमच्या घरांत रोज बोलले जाते. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथल्या संमेलनांच्या मांडवांत आम्ही बसलो आहोत आणि पुढेही बसू.

पण दावा जमिनीचा आणि भाषेचा आहे; तो आजीच्या पदरावर कशाला? मानांकन मिळते ते बाजारातल्या नावाला. कोणत्या हाताने कोणता टाका घालावा हे ते ठरवत नाही. शहापूर आणि वडगावच्या मागांवर कित्येक पिढ्या लुगडी विणली गेली; ती नेसणाऱ्या बायकांची भाषा मागाने विचारली नाही. इरकल नेसणाऱ्या आमच्या आज्या मराठीत ओव्या म्हणत आणि टाक्याला मेंथी म्हणत. ती वडगावची चंद्रकळा जिची, ती बाई बैलहोंगलकडची, माहेरची कानडी, सासर मराठी. पदर माहेरी भरलेला, नेसला सासरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तो पदर कोणाचा, याचा निवाडा करायला कोणते न्यायालय नेमायचे? आणि भरायला आम्ही सुचवतो आहोत तो देव तरी कोणता? ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले तोच. पुरंदरदासांनी आपल्या पदांची मुद्रिका ज्याच्या नावाने केली तोच. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहून त्याच्या दक्षिणेकडच्या मुळांचा शोध घेतला, म्हणून पंढरीच्या वारीतले मराठी माणूस कमी झाले नाही. कार्तिकीला बेळगाव, धारवाड, विजापूरकडून दिंड्या जातात, त्यांत दोन्ही भाषांतले अभंग आणि पदे चालतात. आपली भाषा एवढी नाजूक नाही की चार कानडी टाक्यांनी ती उसवावी.

तिसरा आक्षेप आमच्या साहित्यिक मित्रांचा. तो ते उघड बोलत नाहीत. चौकटी पाहून नुसते हसतात. 'बायकांची दुपारची हौस,' एवढे म्हणून ते कवितेकडे वळतात. या बाबतीत आमचा रोख आमच्यावरही आहे. या पत्रिकेने आजवर सीमाप्रश्नावर, संतसाहित्यावर, ग्रामीण कथेवर शेकडो पाने छापली. आपल्याच गावातल्या या कामावर एक पान छापले नाही. बेळगावात अध्यापन केलेल्या इंदिरा संतांच्या 'गर्भरेशीम' या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. संग्रहाच्या नावातले रेशीम आपल्याला चालते. पदरावरचे रेशीम मात्र आपण टेबलावर अंथरतो. निपाणीच्या वखारींत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांची चपळाई आपल्या कथांत येते. त्याच बोटांनी रात्री भरलेला रुमाल येत नाही.

पाकीट आणणाऱ्या भगिनींवर आमचा राग नाही, हे पुन्हा सांगतो. पाकिटाने एक उपकार नक्कीच केला आहे: 'मला चित्र काढता येत नाही' म्हणून दूर राहिलेल्या कित्येक जणींच्या हाती त्याने सुई दिली. शहरातल्या सदनिकेत एकट्या पडलेल्या बाईला त्याने संध्याकाळ दिली. तेवढ्यासाठी त्याला नमस्कार. परंतु पाळण्याची काठी धरून उभे राहिलेल्या मुलाने पुढे ती सोडायची असते. एक पाकीट भरून झाले की दुसरे आणू नये. चौकडीची वही आणावी. ती कोणत्याही वाणसामानाच्या दुकानाशेजारी मिळते.

आमच्या मंडळापुरते आम्ही काही ठरवले आहे, ते इथे नोंदवतो. पुढच्या कोजागरीला प्रदर्शन होईल, त्यात विकतच्या नक्षीवरची चौकट घेतली जाणार नाही. यावर काही भगिनी नाराज होतील; झाल्या आहेतही. प्रत्येक कामाच्या मागच्या कोपऱ्यात भरणारीचे नाव आणि साल टाक्यांनी घातलेले असावे, कारण आमच्या आज्यांनी ते घातले नाही आणि आज त्या चंद्रकळेचे साल सांगायला कोणी उरले नाही. कापडाची मागची बाजूही पाहता येईल अशीच मांडणी केली जाईल. आणि या पत्रिकेच्या प्रत्येक अंकात एक पान चौकडीचे राहील. त्यावर वाचकांच्या घरच्या जुन्या पदरांवरून मोजून उतरवलेली एक-एक नक्षी छापली जाईल, टाक्याच्या कानडी आणि मराठी दोन्ही नावांसह. ज्यांच्या ट्रंकांत असे लुगडे आहे त्यांनी ते घेऊन मंडळात यावे. साडी द्यायची नाही, मोजू द्यायची एवढेच.

ती वडगावची चंद्रकळा आम्ही धुऊन, घडी घालून परत केली. देताना त्या घरच्या सुनेला विचारले, पदर मोजायला दोन दुपारी येऊ का? त्या म्हणाल्या, "या की. सासूबाई असत्या तर त्यांनीच मोजून दाखवला असता." परवा आम्ही चौघी-पाच जण गेलो. काळ्या कापडावरचे धागे मोजताना डोळ्यांना पाणी येते. खाली पांढरा पंचा धरावा लागतो. दोन दुपारींत एक वृंदावन उतरले. ३७ घरे रुंद आहे. रथ अजून राहिला आहे.